माशांच्या टांकींत कोणती वाळू घालावी?

शेतकीच्या मासिकांत काचेच्या टांकींतील माशांचा विषय पाहून पुष्कळ वाचकांस नवल वाटेल. परंतु लेख शेवटपर्यंत वाचल्यास हा विषय माशांचा थोडा व जमिनीचा फार आहे, असें दिसून येईल. टांकीच्या तळाशीं जी वाळू घालतात ती त्या टांकीची जमीनच होय. तिचा पोत, तिची जाडी, तिच्यांतील चुना, तिच्यांत खेळणारी हवा व तिच्यांत वसणारे सूक्ष्म जंतू यांवर वरच्या पाण्याचें व त्यांतील जिवांचें बरेंवाईट अवलंबून असतें. जमीन पारखण्याची विद्या शेतकऱ्यास वाडवडिलांपासून आलेली असते. ती विद्या मीं योग्य वेळीं वापरली नाहीं, म्हणून जें नुकसान झालें तें प्रथम सांगतों.

घडलेली हकीगत

आमची वाडी रत्नागिरी जिल्ह्यांत, समुद्रकिनाऱ्यास लागून आहे. माझी बहीण लग्न होऊन मुंबईस डिलाईल रोडवर गेली. या रस्त्याचें नांव आतां ना. म. जोशी मार्ग असें आहे. पण गांवाकडील माणसें अद्यापि जुन्याच नांवानें ओळखतात. गिरण्या चालत होत्या त्या काळीं कोंकणांतील घरटीं एक माणूस या बाजूस असे. गिरण्या गेल्या, परंतु नातीं राहिलीं. अजूनहि नवें तांदूळ निघाले कीं एक गोणी डिलाईल रोडला जाते, व गणपतीस तिकडील मंडळी इकडे येतात.

माझ्या भाच्यास खाऱ्या पाण्यांतील मासे पाळण्याचा नाद लागला. त्यानें चाळींतल्या खोलींत ९० सेंटीमीटर लांब, ४५ सेंटीमीटर रुंद व तितकीच उंच अशी टांकी बसविली व मला कळविलें, "मामा, बाजारांत पिशवींतली वाळू महाग मिळते. आपल्या वाडीखालीं एवढी वाळू पडली आहे, तींतली एक गोणी पाठवाल का?" मीं फारसा विचार न करितां आंब्याच्या पेट्या घेऊन जाणाऱ्या टेंपोंतून सुमारें ५० किलो वाळू पाठविली. भाच्यानें ती वरवर धुऊन सगळीच टांकींत ओतली. तिचा थर ८ सेंटीमीटर झाला. तिसऱ्या दिवशीं त्यानें तींत तीन मासे सोडले. पंधरवड्याच्या आंत तिन्ही मासे मेले. काचेलगत वाळूंत काळे डाग दिसूं लागले, व वाळू ढवळतांच नासक्या अंड्यासारखी घाण सुटली. काच पुसण्याच्या चुंबकी घांशीस काळे कण चिकटले व त्यांनीं काचेवर ओरखडे पाडले, तें निराळेंच.

भाच्यानें मला दोष दिला नाहीं. परंतु वाळू माझी होती. भाताच्या खाचराची माती हातांत घेऊन तिचा गुण सांगणाऱ्या माणसानें पायाखालची वाळू न पाहतां पाठवावी, ही गोष्ट मनास लागली; आणि पुढें मीं या विषयाची जी माहिती मिळविली व जे प्रयोग केले, त्यांचें सार येथें देत आहें.

टांकींत वाळूचें काम काय?

मासे अन्न खातात व अमोनिया बाहेर टाकतात. उरलेलें अन्न कुजूनहि अमोनियाच होतो. अमोनिया माशांस विष आहे. समुद्रांत पाणी अफाट असल्यामुळें तो पांगून जातो; टांकींत तो सांचतो. त्याचा बंदोबस्त वाळूंत व दगडांत राहणारे जंतू करतात. एका जातीचे जंतू अमोनियाचें नायट्राइट करतात व दुसऱ्या जातीचे नायट्राइटचें नायट्रेट करतात. हें तेंच कार्य होय, जें आपल्या शेतांत अमोनियम सल्फेट किंवा युरिया घातल्यावर चालतें.

हें कार्य जिवंत जंतूंचें आहे, याचा शोधहि वाळूंतच लागला. १८७७ सालीं फ्रान्समध्यें श्लेसिंग व म्युंत्स या शास्त्रज्ञांनीं एका नळींत वाळू व थोडी चुनखडीची पूड भरून तींतून गटाराचें पाणी हळूहळू झिरपविलें. पहिले सुमारें वीस दिवस कांहींच फरक दिसला नाहीं. पुढें अमोनिया नाहींसा होऊन नायट्रेट दिसूं लागलें. नळींत क्लोरोफॉर्मची वाफ सोडतांच हें काम बंद पडलें. आणि नंतर मातीचें पाणी घातल्यावर तें पुन्हा सुरू झालें. या प्रयोगांतील वीस दिवस वाचकांनीं ध्यानांत ठेवावे. माझ्या भाच्यानें तिसऱ्या दिवशीं मासे सोडले होते.

नायट्रेट झाल्यानंतरचा प्रकार भात पिकविणाऱ्यांस विशेष परिचयाचा आहे. पाणी सांचलेल्या खाचरांत मातीचा अगदीं वरचा पातळ थर तांबूस असतो, कारण त्यास पाण्यांतून प्राणवायु मिळतो. त्याखालची माती प्राणवायूच्या अभावीं निळसर-काळी होते. वरच्या थरांत झालेलें नायट्रेट खालीं उतरलें म्हणजे तेथील जंतू त्याचा नत्रवायु करून हवेंत उडवितात, आणि खताचे पैसे फुकट जातात. म्हणूनच कोंकणांत युरियाच्या गोळ्या अर्थात् ब्रिकेट चिखलांत खोल खुपसण्याची पद्धत पडली आहे. खोलवर त्या नत्राचें नायट्रेट होत नाहीं व तें उडूनहि जात नाहीं. टांकींत मात्र नायट्रेट उडून जावें अशीच आपली इच्छा असते. शेतांत जो तोटा, तोच टांकींत नफा. वाळूचा थर किती द्यावा, हा सारा वाद यावरूनच उत्पन्न झाला आहे.

वाळूच्या जाती

समुद्री टांकीसाठीं मुख्यतः पुढील प्रकारची वाळू मिळते.

१. अ‍ॅरागोनाइट वाळू. ही सर्व चुन्याचीच, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटची असते. पिशवींतून येणाऱ्या परदेशी मालापैकीं बराचसा बहामा बेटांजवळच्या उथळ समुद्रांतील असतो. तेथें सूक्ष्म कणांवर चुन्याचीं पुटें चढून माशाच्या अंड्यांसारखे गोल गुळगुळीत दाणे बनतात. कण गोल असल्यानें वाळूंत घुसणाऱ्या माशांच्या अंगास इजा होत नाहीं.

२. शिंपल्यांचा चुरा. कोंबड्यांच्या खाद्यासाठीं जो चुरा विकतात तो धुऊन व चाळून घेतल्यास उपयोगी पडतो. हाहि चुनाच, परंतु कण चपटे व धारेचे असतात, सबब तळाशीं पडून राहणाऱ्या माशांस तो एकटा घालूं नये. त्यांत औषध किंवा इतर द्रव्य मिसळलेलें नाहीं, याची खात्री करून घ्यावी. भाजलेला शिंपल्यांचा चुना मात्र टांकीच्या आसपासहि आणूं नये. तो पाण्यांत पडतांच मासे मरतील.

३. गारेची वाळू. पाणी गाळण्याच्या टांक्यांत घालतात ती वाळू बहुधा हीच. हिच्यांत चुना नसतो. ती पाण्यास कांहीं देत नाहीं व पाण्याचें कांहीं घेत नाहीं. या वाळूनें काचेवर तपकिरी शेवाळ माजतें असा पुष्कळांचा समज आहे. परंतु गार पाण्यांत फारच थोडी विरघळते, व नव्या टांकींत असें शेवाळ कोणत्याहि वाळूवर कांहीं दिवस येतेंच. काटकसरीच्या माणसानें स्वच्छ, गोल कणांची गारेची वाळू घेतली तर तो चुकला असें म्हणतां येणार नाहीं.

४. काळी वाळू. आमच्या जिल्ह्याच्या किनाऱ्यावर कित्येक ठिकाणीं वाळूंत इल्मेनाइट नांवाच्या, लोखंड व टायटेनियम यांच्या जड काळ्या खनिजाचे कण असतात. भाच्याच्या घांशीस चिकटले ते हेच, किंवा त्यांच्याच जातीचे. मासे यांमुळें मेले असें मी म्हणत नाहीं. परंतु काच खराब झाली ती यांमुळेंच.

आतां चुन्याच्या वाळूविषयीं एक गैरसमज दूर केला पाहिजे. ही वाळू घातली कीं पाण्याचा सामू आपोआप योग्य राहतो, असें विकणारे सांगतात. समुद्राच्या पाण्याचा सामू ८.१ ते ८.३ च्या आसपास असतो, व अशा पाण्यांत चुनखडी जवळजवळ विरघळत नाहीं. आपल्या अनुभवांतलेंच उदाहरण घ्या. कोंकणांतील आम्ल जांभ्या जमिनींत घातलेली चुनखडीची पूड विरघळून कामास येते. देशावरच्या अल्कधर्मी काळ्या जमिनींत चुनखडीचे खडे वर्षानुवर्षें तसेच राहतात. टांकींतहि वाळूच्या आंतल्या थरांत, जेथें कुजण्यानें सामू उतरतो, तेथें थोडा चुना विरघळतो, व तेवढाच आधार मिळतो. एरवीं पाण्याचा कस टिकतो तो वेळोवेळीं नवें क्षारयुक्त पाणी घातल्यानें. मुंबईचें पाणी भातसा, वैतरणा व तानसा येथून येतें. तें मृदु असून त्यांत चुना थोडाच असतो, म्हणून नळाच्या पाण्यावर भिस्त ठेवून चालत नाहीं. समुद्राचे क्षार बाजारांत तयार मिळतात. भाच्याच्या टांकींत १६० लिटर पाणी राहतें. त्यास सुमारें ६ किलो क्षार लागतात.

कणांचा आकार

माती भारी कीं हलकी हें आपण जसें कणांवरून ठरवितों, तसेंच येथेंहि करावें. पिठीसाखरेसारखी वाळू फार बारीक. ती पाण्याच्या झोतानें उडते व दाबून बसल्यावर तिच्यांत पाणी खेळत नाहीं. ज्वारीच्या दाण्याएवढी वाळू फार जाड. तिच्या फटींत माशांचें उरलेलें अन्न व विष्ठा शिरून कुजत राहते, आणि नायट्रेट वाढतें. या दोहोंच्या मधली, म्हणजे जाड्या रव्यापासून तांदळाच्या कणीपर्यंत, १ ते २ मिलिमीटरची वाळू सामान्य टांकीस उत्तम. गोबीसारखे जे मासे वाळू तोंडांत घेऊन चाळतात, व रॅस जातीचे जे मासे रात्रीं वाळूंत पुरून घेतात, त्यांच्यासाठीं अर्धा ते एक मिलिमीटरची गोल वाळू पाहिजे. क्लाऊनफिश मात्र दगडांच्या आडोशानें राहतात; त्यांस वाळूचें फारसें अगत्य नसतें. अर्थात् पीक ठरवून जमीन निवडावी, त्याप्रमाणें मासा ठरवून वाळू निवडावी.

थराची जाडी

उथळ थर २ ते ४ सेंटीमीटरचा असावा. त्यांत पाणी खेळतें, घाण दिसते व काढतां येते. खोल थर १० ते १५ सेंटीमीटरचा, बारीक वाळूचा, व त्यांत किडे-गांडुळांसारखे लहान समुद्री जीव वाळू पोकळ ठेवण्यास असावे लागतात. मग खालच्या भागांत नायट्रेटचा नत्रवायु होतो. मोनॅको येथील ज्याँ जोबेर यांनीं १९८० नंतरच्या दशकांत खोल थराखालीं पाण्याची पोकळी ठेवण्याची रीत प्रचारांत आणली. रीत चांगली, परंतु ती जाणत्या हाताची आहे.

मधला, ६ ते ८ सेंटीमीटरचा, जाड्या मळकट वाळूचा थर सर्वांत वाईट. तो ना धड उथळ, ना धड खोल. त्यांत घाण खोलवर जाते, प्राणवायु मात्र जात नाहीं. समुद्राच्या पाण्यांत दर लिटरमागें सुमारें २.७ ग्रॅम सल्फेट असतें. प्राणवायु व नायट्रेट संपलें म्हणजे जंतू या सल्फेटवर उपजीविका करतात व हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायु सुटतो. काळे डाग व नासक्या अंड्यांचा वास याचाच. खारवट खाचरांतील काळ्या चिखलासहि हाच वास येतो, तो आपण ओळखतों. मीं तो डिलाईल रोडला तिसऱ्या मजल्यावर ओळखला.

वाळू किती लागेल याचा हिशेब सोपा आहे. टांकीची लांबी, रुंदी व थराची जाडी सेंटीमीटरमध्यें घेऊन गुणावीं, व हजारानें भागावें. इतके लिटर वाळू झाली. एक लिटर कोरडी वाळू सुमारें दीड किलो भरते. भाच्याच्या टांकीस ३ सेंटीमीटर थर धरल्यास १२ लिटर, म्हणजे १८ किलो वाळू पुरते. मीं तिच्या जवळजवळ तिप्पट पाठविली होती. पाणी, वाळू, दगड व काच मिळून अशा टांकीचें वजन अडीच क्विंटलांच्या आसपास जातें. जुन्या चाळीची जमीन लांकडी तुळयांवर असेल तर टांकी भिंतीलगत, तुळयांना आडवी अशी ठेवावी; व इमारत जीर्ण असल्यास जाणकाराचा सल्ला घेतल्यावांचून टांकी ठेवूंच नये.

घरच्या घरीं परीक्षा

माती-परीक्षेसारखी वाळूची परीक्षाहि घरीं करतां येते.

चुन्याची परीक्षा: १० ग्रॅम कोरडी वाळू काचेच्या भांड्यांत घेऊन तींवर अर्धा लिटर पांढरें विनेगर ओतावें. फेस आला कीं चुना आहे. अधूनमधून ढवळून दोन दिवसांनीं उरलेली वाळू धुऊन, वाळवून तोलावी; जें घटलें तो चुना. माझ्या वाडीखालच्या वाळूंत १० ग्रॅमांपैकीं सुमारें ७ ग्रॅम उरली. पांढरी दिसणारी ती वाळू बहुतेक गारेचीच होती.

गाळाची परीक्षा: बाटलींत तिसरा हिस्सा वाळू व बाकी पाणी घालून हलवावें व घटकाभर ठेवावें. वाळूवर गाळाचा थर बसला किंवा वर केरकचरा तरंगला तर ती वाळू मळकट समजावी.

चुंबकाची परीक्षा: कागदावर वाळू पसरून खालून जोरकस चुंबक फिरवावा. कण हलूं लागले तर ती वाळू टांकीस नको.

धुणें व मुरविणें

कोरडी वाळू बादलींत थोडीथोडी घेऊन पाणी निवळ येईपर्यंत धुवावी. 'जिवंत वाळू' म्हणून ओल्या पिशवींत मिळते ती गोड्या पाण्यानें धुऊं नये. तींतले जंतू मरतात. मग वाळू, खारें पाणी व दगड घालून टांकी निदान चार ते सहा आठवडे माशांवांचून चालूं ठेवावी. जुन्या निरोगी टांकींतील मूठभर वाळू मिळाल्यास ती विरजणासारखी घालावी. द्विदल पिकाच्या बियाण्यास आपण जिवाणूंचें संवर्धन लावतों, तसाच हा प्रकार आहे. रोज थोडें अन्न टाकून अमोनिया व नायट्राइट यांची परीक्षा करीत जावें. अमोनिया व नायट्राइट दोन्ही शून्यावर आलीं व नायट्रेट दिसूं लागलें, म्हणजे जमीन वापशावर आली असें समजून पहिला मासा सोडावा, आणि तोहि एकच.

किनाऱ्याची वाळू कां नको

डिलाईल रोडपासून वरळीचा समुद्र जवळ आहे. तेथून किंवा दादरच्या चौपाटीवरून वाळू आणावी, असें कोणासहि सुचेल. परंतु या किनाऱ्यावर शहराचें सांडपाणी येतें, व वाळूंत काय मुरलें आहे तें धुऊन कळत नाहीं. गांवची वाळू यापेक्षां स्वच्छ खरी. तरी तींतहि मेलेले किडे, शेवाळ व शिंपल्यांतलें मांस असतें, आणि तेंच भाच्याच्या टांकींत कुजलें.

याहून मोठें कारण निराळें आहे. किनारा नियमनाच्या १९९१, २०११ व २०१९ च्या अधिसूचनांप्रमाणें किनाऱ्याची वाळू उपसण्यास सामान्यतः मनाई आहे, व वाळू हें गौण खनिज असल्यामुळें परवानगीवांचून तिची वाहतूक करणें हाहि गुन्हा होतो. प्रवाळांच्या पुष्कळ जाती २००१ सालीं वन्यजीव संरक्षण अधिनियमाच्या पहिल्या अनुसूचींत घातल्या गेल्या. सबब प्रवाळाचा चुरा कोणी देऊं केल्यास घेऊं नये. मीं गोणी भरली त्या वेळीं यांतलें कांहींच मनांत आलें नाहीं. समुद्र माझा शेजारी, तेव्हां त्याची मूठभर वाळू माझीच, असें वाटलें.

परंतु ती वाळू कोणाचें रक्षण करते? मर्यादवेलीनें बांधलेला वाळूचा बांध वाडी व समुद्र यांच्यामध्यें उभा असतो. तो खचला कीं भरतीचें पाणी माडांच्या मुळाशीं येतें, विहिरींत खारेपणा शिरतो व खालचें खाचर खारवट होतें. एका गोणीनें एवढें होत नाहीं हें खरें. पण गोणी पाठविणारा मी एकटाच नव्हें. बांधकामासाठीं नेणारे तर ट्रकच्या ट्रक भरून नेतात, आणि त्यांस अडविण्यास उभे राहावयाचें तर आपले हात आधीं रिकामे हवेत.

तात्पर्य

ज्यांचीं मुलेंबाळें शहरांत हा छंद करीत असतील, किंवा ज्यांस शोभेच्या माशांचा जोडधंदा करून पाहावयाचा असेल, त्यांनीं पुढील गोष्टी ध्यानांत ठेवाव्या. प्रथम मासा ठरवावा, मग वाळू. नवशिक्यानें १ ते २ मिलिमीटरची अ‍ॅरागोनाइट वाळू ३ सेंटीमीटर जाडीची घालावी. पैसे कमी असतील तर गोल गारेची वाळू घेऊन पाणी नियमानें बदलावें. कोणतीहि वाळू विनेगर, बाटली व चुंबक यांनीं पारखल्यावांचून घालूं नये. मासे सोडण्याची घाई करूं नये. किनाऱ्यावरची वाळू जागच्या जागीं राहूं द्यावी.

भाच्यानें जुनी वाळू काढून टाकली, टांकी धुतली व वरीलप्रमाणें नवी मांडणी केली. सहा आठवडे नुसत्या पाण्याकडे पाहत बसणें त्यास जड गेलें, शेजारचीं मुलें येऊन "मासे कुठें आहेत?" असें विचारीत. आतां त्या टांकींत क्लाऊनफिशची जोडी दोन वर्षें सुखानें नांदत आहे. यंदा तांदळाची गोणी पाठवितांना मीं तिच्यासोबत वाळू पाठविली नाहीं. विनेगरची बाटली व एक चुंबक तेवढा पाठविला.